दोन मैत्रिणी पाहिजेत, शनिवारपर्यंत

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसानं एकदम मोठं खोटं बोलायला जाऊ नये. आधी बारीकसारीक बोलून हात बसवावा. पण वासंतीबाई सोहनींना त्या रविवारी तेवढी उसंत मिळाली नाही. फोनवर त्यांचे थोरले भाऊ राजाभाऊ होते, आणि राजाभाऊंनी पुण्यात बसून बाईंचं रत्नागिरीच्या मांडवीतलं घर विकायला काढलं होतं.

"गिऱ्हाईक चांगलं आहे, वासू. मी शब्द देऊन टाकतो. तू सरळ पुण्याला ये."

"अरे दादा, पण मी इथे बरी आहे."

"काय बरी आहेस? एकटी भुतासारखी राहतेस. आजारी पडलीस तर पाणी द्यायला आहे का कोणी? एक तरी मैत्रीण आहे का तुला त्या गावात? एकीचं नाव सांग."

आता हा प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणूनच तो झोंबला. बाई चौतीस वर्षं गावातल्या वाचनालयात ग्रंथपाल होत्या. 'शांतता राखा' अशी पाटी भिंतीवर होती, पण ती लोकांनी कधी वाचली नाही. बाईंकडे बघितलं की पुरे होई. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी गावाची ती खोड गेली नव्हती. बाजारात बाई समोर उभ्या राहिल्या की भाजीवाला वांग्याचा भाव कुजबुजत सांगे. बिल्डिंगच्या जिन्यात खिदळणाऱ्या बायका त्यांना बघून गप्प होत, आणि बाई वर जाऊन कुलूप उघडेपर्यंत पुन्हा खिदळायला लागत. ते हसणं बाई दाराआड उभ्या राहून ऐकत असत. काही दिवस तर असे जात की दूधवाल्याला म्हटलेलं 'अर्धा लिटर' सोडून त्यांच्या तोंडातून दुसरा शब्द बाहेर पडलेला नसे. एकटेपणा त्यांना खात होता, अगदी लाकडाला वाळवी खाते तसा. पण म्हणून घर विकून भावाच्या दारात जाऊन बसायचं? घर गेलं की आपलं म्हणायला काय उरलं?

तेव्हा बाई म्हणाल्या, "मैत्रिणी आहेत की! येत्या शनिवारी आम्ही गाडी करून कोल्हापूरला चाललोय. इंदुमती नेवरेकरांचं गाणं आहे."

गाण्याची जाहिरात तेवढी खरी होती. सकाळीच पेपरात वाचून बाईंनी कात्रीनं कापून ठेवली होती. इंदुमतीबाईंच्या कॅसेटी ऐकत त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं. त्या बाईचा आवाज हाच काय तो घरातला दुसरा माणूस.

राजाभाऊंनी लगेच विचारलं, "किती मैत्रिणी?"

"दोघी."

"असं? मग मीही येतो कोल्हापूरला. आमच्या हास्यक्लबाची मंडळी कधीपासून मागे लागलीयत, कुठेतरी जाऊ या म्हणून. सातआठ जण आहोत आम्ही. चारला कार्यक्रम ना? सातला सुटेल. हॉलच्या दारात भेटू. तुझ्या मैत्रिणींची ओळख करून दे, मग घराचा विषय मी परत काढायचा नाही. आणि नसतील मैत्रिणी, तर मुकाट्यानं सही करायची."

झालं! आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा.

बाईंनी सोमवारी कोल्हापूरच्या ओळखीच्या पुस्तकविक्रेत्याला फोन करून तीन तिकिटं मागवली. मंगळवारी सकाळच्या एस.टी.नं तिकिटं आली. मैत्रिणी कुठून मागवायच्या? वाचनालयातल्या जुन्या सहकारी म्हणाल्या, "अगंबाई, शनिवारी आमच्याकडे पापड आहेत." समोरच्या प्राध्यापकीणबाईंनी तिकीट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाचलं आणि गाडी लागते म्हणून परत दिलं. मंगळवार संपला, मैत्रीण शून्य.

शेवटी बुधवारी बाईंनी निदान गाडी तरी ठरवावी म्हणून दादूला गाठलं. दादूची सुमो होती आणि तोंड म्हणजे आकाशवाणी. "शनिवारी सकाळी आठला. कोल्हापूर," एवढंच बाई म्हणाल्या. आता रत्नागिरीत घाटावर गाडी जायची असली की ती एकट्याची कधीच नसते. कुणाची मुलगी तिथे दिलेली, कुणाचा जावई तिथे नोकरीला. रिकामी गाडी वर नेणं म्हणजे भरल्या घरातून पाहुण्याला उपाशी घालवण्यासारखं पाप. आणि 'नेत नाही' असं म्हणणारा माणूस तर कोकणात अजून जन्माला यायचा आहे.

गुरुवारी सकाळी सातला दारावर थाप पडली. वर्षभरात पहिल्यांदाच कुणी तरी बाईंच्या दारावर थाप मारत होतं. त्यांनी घाईनं पदर सारखा केला आणि दार उघडलं. समोर पोस्टातून रिटायर झालेले हरिश्चंद्र. काखेत हा एवढा फणस.

"बाई," ते दबक्या आवाजात म्हणाले, "गाडी कोल्हापूरला चाललीय म्हणे."

"हो. या ना आत."

"नको, नको. हा जावयाला तेवढा पोचवा. कापा आहे हो, बरका नव्हे."

"तुमच्या मिसेस येतील का बरोबर? तिकीट आहे माझ्याकडे. गाणं फार सुंदर असतं."

हरिश्चंद्रांनी फणस दारात ठेवला आणि असे पळाले की जिन्यात त्यांची चप्पल राहिली.

मग रांगच लागली. धाकू आंब्याची पेटी घेऊन आला. बाळानं उकड्या तांदळाचं गाठोडं आणलं. कुणी कोकमाच्या बाटल्या दिल्या, कुणी त्याचंच खारं आगळ. सगळे कुजबुजत येत, जिन्नस ठेवत आणि पाय लावून पळत. चहाला कोणी थांबेना. संध्याकाळपर्यंत बाईंच्या घरात बसायला जागा नव्हती आणि बसायला माणूसही नव्हतं. फणसाकडे बघता बघता बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांना स्वतःचाच राग आला. डोळे पुसून त्यांनी एका कागदावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'सोबत माणूस असल्याशिवाय सामान घेतले जाणार नाही,' आणि तो कागद दारावर डकवला. जमा झालेलं सगळं सामान दादूकडे पाठवून दिलं आणि निरोप दिला, ज्याचं त्याला परत कर.

शुक्रवारी तळमजल्यावरच्या शमीम आल्या. पंचेचाळिशीच्या, नवरा जैनुद्दीन कुवैतला, मुलगी इकरा कोल्हापूरला हॉस्टेलात. त्यांनी कागद वाचला, हातातल्या डब्याकडे पाहिलं.

"बाई, माज्या इकरानं सांदणं मागितलीयत. दोन महिने झाले, पोर नुसती आमटीभात खातेय. मी आले तर न्याल?"

"तुम्ही? खरंच याल?" बाईंचा आवाज इतका चढला की शमीम दचकून एक पायरी खाली उतरल्या.

"येईन की. पण गाण्यातलं मला काय कळत नाय हां."

"कळायची गरज नाही. मैत्रीण व्हायचं फक्त. एक दिवस."

दुसरी आली राही. राही मांडवीच्या नाक्यावर मासे विकायची. बाई शाकाहारी, त्यामुळे दोघींची ओळख म्हणजे बाई नाकाला पदर लावून समोरून जात तेवढीच. तिच्या हातात सुक्या बोंबलांचं आणि सुकटीचं गाठोडं होतं. कोल्हापूरला दिलेल्या बहिणीसाठी.

"मी येते," राही म्हणाली. "भयनीला सहा वर्षं बगितली नाय. पन बाई, ह्याचा वास येनार गाडीत. मागाहून बोलायचं नाय."

बाईंनी एकदा गाठोड्याकडे पाहिलं, एकदा राहीकडे. "मला वास आवडतो," त्या म्हणाल्या. पाच दिवसांत त्यांचा हात चांगला बसला होता.

शनिवारी आठ वाजता सुमो दारात आली. मागे डोकावून बाई बघतात तर हरिश्चंद्रांचा फणस, धाकूची पेटी, बाळाचे तांदूळ, सगळं जागच्या जागी. शिवाय चारपाच गाठोडी नवी.

"दादू! परत द्यायला सांगितलं होतं ना तुला?"

"नाय कसं म्हनायचं, बाई?" दादू खरोखरच दुखावला होता. "मला याच गावात ऱ्हायचंय."

गाडी निघाली. बाईंनी रेशमी साडी नेसली होती, त्या मध्ये बसल्या. एका बाजूला शमीम, दुसऱ्या बाजूला राही. हातखंबा मागे पडला तशी बाईंनी पर्समधून वाचनालयातली उरलेली दोन कोरी कार्डं काढली. आता ती कोरी नव्हती.

"हे पाठ करा. दादा विचारील."

शमीमनी वाचायला सुरुवात केली, "ओळख, एकोणीसशे एक्याण्णव. भेटण्याचा वार, गुरुवार. भेटण्याचे ठिकाण, मांडवीची चौपाटी. एकत्र केलेले प्रवास, तीन. आवडता पदार्थ, साबुदाण्याची खिचडी." त्यांनी मान वर केली. "बाई, तीन प्रवास कुठले?"

"गणपतीपुळे, पावस आणि... तिसरा तुम्ही ठरवा."

"मला वाचता येत नाय," राही म्हणाली. "तोंडी सांगा."

"आणि मला बाई म्हणायचं नाही. वासंती म्हणा. एकेरी."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. शमीमनी घसा खाकरला. "वासं..." त्या थांबल्या. "अल्ला! नाय होत हो. माज्या पोरीला तुमी उशिरा पुस्तक आणलं म्हणून रडवलीत, तुमाला अगो-तुगो कसं करू?"

"मी करते," राही म्हणाली आणि पाण्यात उडी मारावी तसा दम घेऊन ओरडली, "वासंतेऽ!" दादूनं दचकून ब्रेकच मारला.

पालीला चहा झाला, तिथेही दादूची कोणी मावशी दोन पिशव्या घेऊन उभीच होती. गाडी आता बाळंतिणीसारखी जपून चालत होती. शमीमनी कार्ड पुन्हा वरून खाली वाचलं. "बाई, ह्यात तुमचा वाढदिवस नाय. मैत्रिणीला वाढदिवस म्हायती पायजे."

"अकरा मार्च."

"काय करता त्या दिवशी?"

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. "काही नाही. पेन्शनचं पासबुक भरून आणते," त्या म्हणाल्या. "बँकेतला तो मुलगा 'नमस्कार' म्हणतो."

आंबा घाट अर्धा चढला आणि फाटकन आवाज झाला. एवढं ओझं बघून मागच्या टायरनं राम म्हटलं होतं.

जादा चाक सामानाच्या तळाशी होतं. म्हणजे सगळं सामान उतरवणं आलं. फणस, पेट्या, बाटल्या, बोंबील, सगळं घाटाच्या कडेला ओळीनं मांडलं. शेवटी चाक निघालं, तर ते आधीच हवा जाऊन बसलेलं. दादूनं चाकाकडे असं पाहिलं, जसं काही त्यानंच दादूला फसवलं.

"पंधरा मिन्टांत येतो," म्हणाला आणि चाक घेऊन वर जाणाऱ्या एस.टी.त चढला.

घाटात तीन बायका आणि मांडलेला बाजार. पाच मिनिटांत एक कोल्हापूरची मोटार थांबली. "पेटी काय भाव?" आतल्या माणसानं विचारलं.

राहीचं रक्तच ते. गिऱ्हाईक समोर आल्यावर तिला राहवेना. "पेटी ऱ्हाऊ दे, बोंबील बगा! असं कोरडं बोंबील घाटावर मिळनार नाय तुमाला. वास घ्या, वास!"

"अगं राही, तो तुझ्या बहिणीचा वाटा!" बाई धावल्या.

"भाव करू द्या हो. विकनार नाय मी, नुसता भाव करते. सवय मोडते नायतर." आणि तिनं खरोखरच दहा मिनिटं भाव केला, गिऱ्हाईक खाली खाली आलं, मग वर वर आलं, आणि शेवटी कबूल झाल्यावर तिनं गाठोडं बांधून टाकलं. तो माणूस पुष्कळ बोलला. राहीही बोलली. बाईंनी असे शब्द चौतीस वर्षांत कुठल्याच पुस्तकात वाचले नव्हते.

पंधरा मिनिटांचे दोन तास झाले. ऊन डोक्यावर आलं, पोटात कावळे ओरडायला लागले. शमीमनी सांदणांचा डबा उघडला. "एकेकच हां," त्या म्हणाल्या. मग आणखी एकेक झालं. चौथ्या खेपेला बाईंनी विचारलं, "इकराला काय सांगाल?"

"घाटात सांडली म्हणेन." शमीम हसल्या आणि हसताहसताच त्यांचा चेहरा उतरला. "खाणारं माणूस समोर असलं की बरं वाटतं, बाई. आमचे हे पंधरा वर्षं कुवैतला. दोन वर्षांनी महिनाभर येतात. आले की मी नवी चादर घालते, चांगल्या कपबशा काढते. पाहुणाच तो. मीठ कुठं ठेवलंय ते विचारतो. गेला की मी आठ दिवस त्या चादरीवर झोपत नाय."

"माज्या घरात अकरा मानसं," राही म्हणाली. "बोलतं कोन? संध्याकाळी टोपली खाली ठेवली की इचारतात, 'खपले काय?' मासे खपले काय ते इचारतात. माजं काय खपलं ते कोन इचारत नाय."

बाईंनी कार्डावर असलं काहीच लिहिलं नव्हतं. त्यांनी थर्मासमधला उरलेला चहा दोघींना वाटून दिला. 'मी रात्री जेवताना कॅसेट लावते, म्हणजे समोर कोणी आहे असं वाटतं,' हे त्यांना सांगायचं होतं. ओठावर आलं होतं. तेवढ्यात दादू आला.

कोल्हापूर गाठायला सव्वातीन झाले. "सरळ हॉलवर," बाई म्हणाल्या. पण हॉस्टेलातल्या मुलींना भेटायची वेळ चारपर्यंतच. इकरानं रिकामा डबा उघडला, आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "अम्मी, सगळी सांडली? डबा तर पुसल्यासारखा आहे." ते निस्तरून राहीच्या बहिणीकडे गेले तेव्हा चाराला पाच कमी होते.

"गाठोडं द्यायचं आणि निघायचं," बाईंनी बजावलं. राहीही 'व्हय व्हय' म्हणाली. आणि दादूनं तेवढ्यात डोकं चालवलं. "तवर मी हे बाकीचं सामान वाटून येतो. पाच मिन्टांत." बाई 'थांब' म्हणेपर्यंत सुमो वळणावर दिसेनाशी झाली.

राहीच्या बहिणीनं दार उघडलं, बहिणीला पाहिलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसून हंबरडा फोडला. दोघी गळ्यात पडून रडल्या. मग बोंबील बघून बहीण पुन्हा रडली. मग चहा झाला, पोहे झाले, नाही नाही म्हणता चूल पेटली. शमीम पाटा-वरवंट्यापाशी जाऊन बसल्या. बाई खाटेच्या कडेला बसून घड्याळ बघत होत्या. साडेचार. आता इंदुमतीबाई मंचावर आल्या असतील. पाच. आता आवाज लागला असेल. दोनदा त्या उठायला झाल्या. पण राही बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी पडली होती आणि बहीण तिच्या केसांतून हात फिरवत होती. 'चल, ऊठ' हे शब्द बाईंच्या तोंडून निघेनात. आणि निघून तरी काय, गाडी कुठे होती? दादूला आठ घरी सामान द्यायचं होतं आणि आठही घरं कोकणातली. चहा घेतल्याशिवाय कोण सोडतंय!

सुमो उगवली ती सव्वासहाला. हॉलवर पोचायला सात. फाटक अर्धं लोटलेलं, आत अंधार, सगळं सामसूम. "संपलं," बाई म्हणाल्या. एक सूर ऐकला नव्हता त्यांनी. पण रडायलाही सवड नव्हती, कारण फाटकापाशी राजाभाऊ उभे होते. एकटेच. इस्त्रीचा सदरा आणि हातात छत्री.

"आलीस? मला वाटलं गर्दीत चुकामूक झाली."

"अरे, आम्ही... मागच्या दारानं बाहेर आलो. तुझी मंडळी कुठायत?"

"ती आत्ताच गेली. घाई होती त्यांना. मी मागे लागलो होतो, थांबा, थांबा म्हणून..." राजाभाऊंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "काय गायल्या गं इंदुमतीबाई! आमचा हास्यक्लब अख्खा रडला."

"मग! आवाज काय लागलाय अजून!" बाई म्हणाल्या. "या माझ्या मैत्रिणी. शमीम आणि राही."

शमीम एक पाऊल पुढे झाल्या आणि एका दमात म्हणाल्या, "ओळख एकोणीसशे एक्याण्णव, वार गुरुवार, प्रवास तीन."

"खिचडी!" राहीनं जोड दिली.

राजाभाऊ जरा गोंधळले. "वा, वा. कुठे बसला होतात तुम्ही?"

"मागं," शमीम म्हणाल्या.

"पुडं," राही म्हणाली. "म्हंजे आदी पुडं. मग बाई लय मोट्यानं गायला लागल्या, तवा मागं गेलो."

"खरं आहे," राजाभाऊ गंभीरपणे म्हणाले. "शेवटी शेवटी फारच वर गेला होता आवाज."

फाटकाआडून हॉलचा रखवालदार तंबाखू मळत हे सगळं ऐकत होता. त्याला आता राहवेना. "कुठल्या कार्यक्रमाचं चाललंय म्हनायचं हे?"

"आत्ता झाला तो. इंदुमतीबाईंचा," राजाभाऊ जरबेनं म्हणाले.

"झालाच न्हाई की ओ! बाईंचा घसा बसलाय. सकाळच्यालाच रद्द झालंया. ह्यो काय फळा." त्यानं फाटकाचं दार पुढे ओढलं. आतल्या बाजूच्या फळ्यावर खडूनं सगळं लिहिलेलं होतं. "पैसं सोमवारी परत मिळत्यात."

रखवालदारानं तंबाखू तोंडात टाकली आणि चौघांकडे आळीपाळीनं पाहिलं. इतकी गाण्यावर प्रेम करणारी माणसं त्यानं बघितली नसावीत.

"दादा," बाई हळूच म्हणाल्या, "तू कुठे होतास दिवसभर?"

"रंकाळ्यावर." राजाभाऊ जमिनीकडे बघत होते. "दुपारी एकपासून फेऱ्या मारतोय. म्हटलं, कार्यक्रम सुटता सुटता जावं. आधी गेलो तर एकटा दिसेन."

"आणि हास्यक्लब?"

"आहे ना हास्यक्लब. बागेत सकाळी हसतात सगळे. मी दोनदा गेलो होतो. सगळ्यांनी हात वर करून हसायचं असतं गं. मला हसूच येईना. तिसऱ्या दिवशी गेलो नाही, तर कोणी विचारलंही नाही." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तुझी वहिनी अपूर्वकडे बंगलोरला दोन महिन्यांसाठी म्हणून गेली. नातवंडात रमली. सव्वा वर्ष झालं. घरात मी आणि टीव्ही. म्हटलं, तू आलीस तर निदान भांडायला कोणी होईल."

"मग असं सांगायचं ना सरळ! माझं घर कशाला विकायला काढलंस?"

"सरळ कसं सांगू? मी थोरला ना!"

बाईंना हसावं की रडावं कळेना. वर्षभर दर रविवारी हा माणूस 'एकटी कशी राहतेस' म्हणून विचारत होता, आणि उत्तर त्यालाच हवं होतं. त्यांना एकदम इतकं भरून आलं की भर रस्त्यात त्यांनी भावाचा हात धरला. "मला पण नाहीत रे मैत्रिणी," त्या म्हणाल्या. "यांना मी सामानाच्या बदल्यात आणलंय."

"ते मला 'खिचडी' म्हटल्यावरच कळलं," राजाभाऊ म्हणाले.

पुण्याची गाडी गाठायची त्यांना काही घाई दिसेना. फूटपाथवर ते या पायावरून त्या पायावर होत राहिले. शेवटी दादूनं हॉर्न दिला. "बसा की हो, भाऊ. मागं अख्खी गाडी मोकळी हाय."

राजाभाऊ पुढच्या सीटवर बसले. मलकापूर येईपर्यंत ते दादूला पुण्याच्या रस्त्यांबद्दल सांगत होते. घाट लागल्यावर त्यांनी मागे मान वळवली. "वासू, आठ दिवस राहिलो तर चालेल का गं?"

"राहा की. आणि घराचं काय करायचं?"

"कुठल्या घराचं?" राजाभाऊ म्हणाले.

राही खिडकीला टेकून झोपली होती. शमीमचं डोकं कलंडत कलंडत बाईंच्या खांद्यावर आलं होतं. तोंड उघडं, बारीक घोरणं चालू, आणि बाईंच्या रेशमी पदरावर लाळेचा डाग वाढत होता. राजाभाऊंनी ते बघितलं. "या दोघी आता येतील का तुझ्याकडे पुन्हा?"

"ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "मी विचारलं नाही अजून."

किती वर्षांत कुणी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं नव्हतं ते त्यांना आठवेना. साखरप्याला त्यांच्या हाताला मुंग्या आल्या. पाली येईपर्यंत तो पार बधिर झाला होता. दादूनं खड्डा चुकवला, गाडी हलली, शमीम झोपेत जरा सरकल्या, तशा बाई घाईघाईनं खांदा आणखी पुढे करून बसल्या.